बाईंचा परवाना

खडूची नवी पेटी उघडली की बाई पहिले काम एकच करत. एकेक खडू बाहेर काढून त्याचे तीन तुकडे करत. शांतपणे, शेंगा मोडाव्यात तसे. मी हे प्रथम पाहिले तेव्हा मला ती नासधूस वाटली आणि तसे मी बोललोही.

"अख्ख्या खडूला माणूस भितंय साहेब," त्या म्हणाल्या. "हातात धरला की पहिलं मनात येतंय, मोडंल. तुटक्याला काय भ्यायचं? तो आधीच मोडलेला हाय."

मी शिक्षण खात्यात उभी हयात घालवली. खडूच्या पुरवठ्यावर अहवाल लिहिले. खडूला माणूस भितो, असे त्या अहवालांत कोठेही नव्हते.

तीर्थपुरीच्या बाजाराच्या दिवशी आपण समाजमंदिराच्या बाजूने गेला असाल, तर बाईंना आपणही पाहिले असेल. ठेंगणी, सावळी, पासष्टी ओलांडलेली बाई. डोक्यावर पदर, काखेत पत्र्याची लहान पेटी, आणि चाल अशी की मागून कोणी हाका मारतो आहे व हिला थांबायचे नाही. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. सारे गाव त्यांना बाई म्हणत असे. मीही तेवढेच म्हणतो.

त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. पाणी भरणे, खिचडी शिजवणे, घरोघर फिरून मुले गोळा करणे आणि गोळा केलेल्या मुलांची नाके पुसणे, हे मदतनिसाचे काम. सेविका बैठकीला गेली की मुलांना गाणी व अक्षरे बाईच शिकवत. सेविकांना बैठका फार असतात. म्हणजे गावातल्या दोन पिढ्यांनी पहिले अक्षर बाईंकडून घेतले. कागदोपत्री मात्र त्या नाके पुसणाऱ्याच राहिल्या. निवृत्तीनंतर त्यांनी समाजमंदिरात मोठ्या माणसांचा वर्ग काढला. दुपारी दोन ते चार. मानधन नाही. कोणी विचारलेही नाही, कोणी सांगितलेही नाही.

आता परवान्याविषयी.

आमच्या जिल्ह्यात प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्यांसाठी रीतसर परवाना सुरू करून पाहावा, असे वरून ठरले. त्यासाठी तिघांची समिती नेमली गेली. मी निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून तिचा अध्यक्ष. जालन्याच्या एका अध्यापक विद्यालयातील प्राध्यापिका दुसऱ्या. तिसरे एक अधिकारी होते. ते सहीपुरते येत.

परवान्याच्या बाजूचा मी होतो. आजही आहे. केदारखेड्याच्या पलीकडे एका वर्गात मी साठीच्या शेतकऱ्याला कान धरून उभा केलेला पाहिला आहे. शिकवणारा पंचविशीचा होता आणि त्याला त्यात गंमत वाटत होती. लहान मुलाचा अपमान झाला तरी दुसऱ्या दिवशी आई त्याला शाळेत ढकलते. म्हाताऱ्या माणसाला कोणी ढकलत नाही. तो एकदा उठला की उठला. तेव्हा कोणाला त्याच्यासमोर उभे राहू द्यायचे, हे कोणीतरी तपासले पाहिजे. परवाना नसेल त्याला शाळेत, समाजमंदिरात किंवा कोणत्याही सार्वजनिक जागेत वर्ग घेता येणार नाही, असे कलम मी स्वतः घातले.

पहिल्या मसुद्यात किमान पात्रता बारावी होती. त्यावर बोलण्यासाठी जिल्ह्यातील वर्ग चालवणाऱ्यांना आम्ही जालन्यास बोलावले. बाई पहाटेच्या एसटीने आल्या. पेटीसकट. सगळ्यांचे बोलून झाल्यावर उठल्या.

"मी सातवी हाय. मंग मी आता घरी बसायचं का?"

"नियम सर्वांना सारखा असतो," मी म्हणालो.

"बराबर हाय. पण गाडीचा परवाना कसा देतेत साहेब? तू बारावी झालास का, असं पुसतेत का? गाडीवर बसवतेत, म्हणतेत चालव. पडला तर न्हाई, न्हाई पडला तर घे. तुम्ही बी आम्हाला चालवून बघा की."

सभागृह हसले. प्राध्यापिकांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले, हे मी पाहिले. महिनाभराने मसुद्यात दुरुस्ती झाली: वर्ग चालवण्याचा अनुभव असल्यास सातवीही चालेल, परंतु समितीसमोर प्रत्यक्ष पाठ घ्यावा लागेल. पाठाची कसोटी कशी असावी, ते तेरा निकषांत मी लिहून काढले. त्यासाठी तीन रविवार दिले. निकष चांगले होते. एक सोडून.

जालन्याच्या त्या दिवशी बैठक संपल्यावर बाहेरच्या चहाच्या गाड्यावर बाई भेटल्या. बशीत चहा ओतून पीत होत्या. मी त्यांना विचारले, की या वयात परवान्याचा एवढा सोस कशासाठी?

"परवाना न्हाई तर वर्ग न्हाई, असं तुम्हीच म्हणून राह्यलाव."

"तेवढेच?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "दुसरं बी हाय. अंगणवाडीतून निघाले तवा शाल दिली. शालीला चिठ्ठी टाचलेली. काय लिहिलं होतं? मदतनीस. मला एकदा कागदावर शिक्षिका लिहिलेलं बघायचं हाय. एकदाच. मंग फाडून टाकलं तरी चालंल."

"फाडता येत नाही," मी म्हणालो. "शासकीय दस्तऐवज असतो."

"न्हाई फाडत," बाई म्हणाल्या, आणि चहाचे पैसे माझेही देऊन निघून गेल्या.

पाठाच्या आधी प्रत्येक वर्गास एक साधी भेट द्यावी, असे ठरले होते. मी तीर्थपुरीस गेलो. दारात उभा राहून निरीक्षण करावे ही माझी जुनी पद्धत. बाईंनी फळ्याकडे पाहत असतानाच मागे वळून न बघता सांगितले, "साहेब, बसा. उभं राहून बघणारा माणूस इथं पोलीस वाटतो."

खुर्ची नव्हती. मी सतरंजीवर मागच्या रांगेत बसलो. गुडघ्यांनी आपले मत दिले. शेजारी कौसाबाई नावाच्या एक वृद्ध बाई होत्या, सत्तरीच्या आसपासच्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले, आपली पाटी माझ्याकडे सरकवली आणि हलक्या आवाजात धीर दिला, "नवीन आलाव का? भ्या वाटंल दोन दिवस. मला बी वाटलं होतं."

मी म्हणालो, मला लिहिता येते.

"सगळे पहिल्या दिवशी असंच म्हणतेत," कौसाबाई म्हणाल्या.

वर्गात वीस-बावीस माणसे. बहुतेक बायका, पुरुष तीन. बाई कोणालाही विद्यार्थी म्हणत नसत. मावशी, आत्याबाई, वहिनी, तात्या. कोणास जांभई आली तर समाजमंदिराला एक फेरी मारून यायला पाठवत. ती शिक्षा नव्हती. फेरीसाठी भांडणे होत. तात्या दर दहा मिनिटांनी जांभई देत, तेव्हा बाई म्हणाल्या, "तात्या, तुम्ही शिकायला आलाव का प्रदक्षिणा घालायला?" कोणाचे अक्षर अडले की त्यांचे एक वाक्य ठरलेले होते: "बिलकुल घाई न्हाई. अक्षर काय पळून चाललं न्हाई." मी दोन तासांत ते एकोणीस वेळा ऐकले. मोजण्याची मला सवय आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग ओस पडे. मग बाई पेटी काखेत मारून शेताच्या बांधावर जात आणि भाकरीच्या सुटीत अर्धा तास घेत. पाटी लागत नसे. ओल्या मातीत काडीने लिहायचे. मोसंबीच्या बागेत तर झाडांच्या आळ्यांत अक्षरे काढलेली मी स्वतः पाहिली. बागवान तक्रार करत होता, की पाणी सोडायला मन होत नाही.

हरभरा निघाल्यावर बायांना जरा उसंत असते. म्हणून पाठाची तारीख तेव्हाची धरली. प्राध्यापिका आणि मी गेलो. तिसऱ्या अधिकाऱ्यांनी सही आधीच दिली होती. समाजमंदिर सारवल्यासारखे स्वच्छ केलेले. बाईंच्या अंगावर इस्त्रीचे पातळ. वर्ग नेहमीपेक्षा दहा मिनिटे आधी भरलेला, आणि तात्यांनी जांभई न देण्याची शपथ घेतलेली.

पाठ उत्तम झाला. मी सहसा हा शब्द वापरत नाही. बायांनी एसटीची पाटी वाचली. रेशन दुकानाची सूचना वाचली आणि ती खोटी आहे यावर चर्चा केली. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत वाचून एकीने ते पाकीट तेथेच दुसरीच्या अंगावर टाकले: "घे, तुझ्या गोळ्या कवाच मेल्या." आठ निकषांत मी पूर्ण गुण दिले. प्राध्यापिका माझ्याकडे वळून वळून पाहत होत्या.

नववा निकष असा होता: 'प्रत्येक अध्ययनार्थी स्वतःचे पूर्ण नाव लिहील व मोठ्याने वाचून दाखवील.' पुढे मी स्वहस्ते लिहिले होते: अनिवार्य. यात शून्य मिळाले तर बाकीचे गुण वाया. ज्याला स्वतःचे नाव वाचता येत नाही त्याला काय आले, असा माझा साधा विचार होता.

कौसाबाई पहिल्या उठल्या. पाटीवर तीन शब्द लिहिले. अक्षर गोल, ठसठशीत. स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव.

"वाचा," मी म्हणालो.

"कौसाबाई," त्यांनी वाचले. मग थांबल्या. पदर तोंडाशी गेला. मग घाईने, "खरात."

"मधला शब्द राहिला."

"राहू द्या," कौसाबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

वर्गात खसखस पिकली. दुसरी उठली, मधल्या शब्दावर तिला खोकला आला. तिसरीने त्या जागी 'आमचे हे' असे वाचले. चौथीने 'बबनचे बाप' असे वाचले. पाचवीने वाचलेच नाही. मी काही अभद्र बोललो आहे अशा नजरेने माझ्याकडे पाहत राहिली. पुरुषांना अडचण नव्हती, कारण त्यांच्या नावात मधे वडील असतात. तात्यांनी आपले नाव इतक्या मोठ्याने वाचले की बाहेरची शेळी ओरडली.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, की हा गृहस्थ याच जिल्ह्यात जन्मला, याला एवढी रीत ठाऊक नव्हती? होती. जुन्या बायका नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाहीत, हे मला माझ्या आईपासून ठाऊक होते. पण जी गोष्ट जन्मभर ऐकूच येत नाही, ती नियम लिहिताना आठवत नाही. दुसरीला खोकला आला तेव्हाच मला चूक कळली. तरी मी नवव्या निकषापुढे शून्य लिहिले. लिहिलेला नियम वर्गात बसून बदलायचा नसतो. तसे केले तर पुढच्या गावी दुसरा कोणी दुसऱ्या कारणाने बदलेल.

बाईंना मी बाहेर ओट्यावर बोलावून सांगितले. त्यांनी कागद हातात घेऊन ते शून्य पाहिले. चेहरा हलला नाही. हात मात्र पदराच्या टोकाशी चाळा करू लागला.

"तुम्ही त्यांना आजच्यापुरते घ्यायला सांगितले असते," मी म्हणालो. "त्यांनी तुमचा शब्द मोडला नसता."

"न्हाई मोडला. घेतलं असतं."

"मग?"

"मी पास झाले असते साहेब. त्या उद्या आल्या नसत्या."

बाई पुढे म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी काय शिकवते माहीत हाय का? अ न्हाई, आ न्हाई. मालकाचं नाव. प्रत्येकीला तिच्या मालकाचं. जे तोंडानं घेता येत न्हाई ते हातानं घेता येतंय, ह्याची लई हौस असती बायांना. तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी येतेत. तिसऱ्या दिवशी येतेत. मंग बाकीचं येतंय."

कौसाबाई दारात येऊन उभ्या होत्या. कोणी विचारले नसता म्हणाल्या, "पन्नास वर्सं पोटात ठेवलं. बाईनं पाटीवर काढून दिलं. लिहिते, बघते, अन् पुसून टाकते. कोणाला काही कळत न्हाई."

"तुमचा नियम बराबर असंल," बाई मला म्हणाल्या. "पण नियम लिहिणाऱ्याला बायको न्हाई का?"

शेजारी उभ्या प्राध्यापिकांनी तोंड फिरवले. त्यांचे खांदे हलत होते. मी कागद फाइलीत ठेवला आणि आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी एक गोष्ट केली. माझी पत्नी जुनी मॅट्रिक आहे. वर्तमानपत्र माझ्या आधी वाचते. मी तो मूल्यमापनाचा कागद तिच्या हाती दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितले. तिने चष्मा लावला. तेरा निकष वाचले, गुण वाचले, शेरा वाचला. खाली माझी सही होती व सहीखाली माझे नाव छापलेले होते. तेथपर्यंत येऊन तिने कागद टेबलावर ठेवला.

"एवढंच आहे," ती म्हणाली.

"खाली आणखी काही आहे."

"ते मला माहीत आहे," असे म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

समितीची बैठक मी दुसऱ्याच आठवड्यात बोलावली. नववा निकष सदोष आहे, त्यामुळे वर्गांतील स्त्रियांचे खरे वाचन मोजले जात नाही, सबब तो बदलावा आणि त्यावर नापास झालेल्या सर्वांचा तेवढाच भाग पुन्हा घ्यावा, असा ठराव मी मांडला. असे आणखी चार वर्ग निघाले. दोन घनसावंगीकडचे होते, दोन परतूरचे.

"सर, बाईंना सरळ गुण देऊन टाकू या ना," प्राध्यापिका म्हणाल्या. "आपली चूक होती."

"निकष चुकला आहे. गुण चुकलेले नाहीत. परीक्षा पुन्हा होईल."

"निकष कोणी लिहिला होता सर?"

"इतिवृत्तात तो प्रश्न घेण्याची आवश्यकता नाही," मी म्हणालो. त्यांनी तो घेतला.

नवी रीत प्राध्यापिकांनीच सुचवली. वर्गातील सर्वांची पूर्ण नावे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायची, चिठ्ठ्या सतरंजीवर पसरायच्या, आणि प्रत्येकीने आपली शोधून आणून द्यायची. तोंड उघडायचे काम नाही. कोणी नुसती पहिल्या नावावरून चिठ्ठी उचलू नये म्हणून बायकांची स्वतःची नावे गाळून केवळ नवऱ्याचे नाव व आडनाव लिहायचे, एवढी भर मी घातली. ती कठोर आहे असे त्या म्हणाल्या. परीक्षा होती.

आम्ही पुन्हा तीर्थपुरीस गेलो. या वेळी बाई वर्गात बसू शकत नव्हत्या. तसा नियम होता. त्या बाहेर ओट्यावर पाठ करून बसल्या. मी चिठ्ठ्या पसरल्या आणि म्हणालो, "शोधा."

पुढे जे झाले ते शिस्तीत बसणारे नव्हते. सगळ्या बायका एकदम सतरंजीवर वाकल्या. हळदीकुंकवाला वाण लुटावे तशी गर्दी झाली. बांगड्या वाजत होत्या. "सरक गं, माझे तिकडं हायेत!" "तुझे न्हाईत ते, तुझे दाराजवळ पडलेत!" "अगं पाय देशील, माझ्या मालकावर पाय देशील!" प्राध्यापिका भिंतीला टेकून हसू लागल्या. मी शांतता राखण्यास सांगितले. कोणी ऐकले नाही.

आणि मग एक भांडण उभे राहिले. कौसाबाई आणि सुमनबाई नावाच्या दुसऱ्या एक, दोघींच्या हाती एकाच चिठ्ठीची दोन टोके. दोघींचेही यजमान रामराव.

"सोड, हे माझे हायेत."

"तुझे कसे? रा हाय, म हाय, पुढं सगळं हाय. माझेच हायेत."

"पुढचं वाच की भवाने! पुढं काय लिहिलंय? ख हाय. र हाय. त हाय. तुझे काळे, माझे खरात! तुझे बघ तिकडं चपलांजवळ पडलेत!"

सुमनबाईंनी वाकून पाहिले. ओठ हलवत आडनाव वाचले. मग चिठ्ठी सोडून दिली आणि म्हणाल्या, "घे. मला माझेच बरे."

नववा निकष यापेक्षा चांगला कोणी सिद्ध केला असता असे मला वाटत नाही. मी पूर्ण गुण दिले. बाहेर ओट्यावर बाई अजून पाठमोऱ्याच होत्या. आतला सगळा गोंधळ त्यांना ऐकू आला असणार. मी जवळ जाऊन कागद पुढे धरला. त्यांनी शून्यावर मारलेली रेघ पाहिली, वरचा आकडा पाहिला.

"खाडाखोड चालती का शासकीय कागदावर?" त्यांनी विचारले.

"खाली सही केली तर चालते."

"केली हाय का?"

"केली आहे."

जालन्यास परवान्यांचे वाटप झाले. छोटा समारंभ, दोन भाषणे, कागदी पिशवीत पेढे. बाईंनी परवाना घेतला आणि व्यासपीठावरच उभ्या राहून वाचू लागल्या. मागे रांग थांबली. पुढे चला, असे कोणी म्हणाले. "बिलकुल घाई न्हाई," बाई म्हणाल्या. त्यांचे बोट एका ओळीवर होते. प्रौढ साक्षरता शिक्षिका. खाली उतरल्यावर माझ्याजवळ आल्या.

"ह्यो शब्द तुम्ही लिहिला का मशीननं?"

"मशीनने."

"बराबर बसलाय," त्या म्हणाल्या. एवढेच बोलणे झाले. बसची वेळ झाली होती.

परवान्याची मुदत एक वर्ष. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचे पत्र जाते. बाईंचे पत्र परत आले. पाकिटावर पोस्टमनने एकच शब्द लिहिला होता: मयत.

मी चौकशी केली. तापाचे निमित्त झाले, चार दिवस. पाचव्या दिवशी वर्ग घ्यायला उठल्या होत्या असे म्हणतात. मला कोणी कळवले नव्हते. कळवण्याचे कारणही नव्हते. मी समितीचा माणूस.

वर्गाची नोंद बंद करण्यासाठी प्रत्यक्ष भेट द्यावी लागते. मी तीर्थपुरीस गेलो. दुपारचे दोन वाजले होते. समाजमंदिराचे दार उघडे होते आणि आत माणसे बसलेली होती. फळ्यापाशी कौसाबाई उभ्या होत्या. समोर तीन नव्या बायका, बाकी जुन्या. तात्या फेरी मारत होते.

मी कौसाबाईंना बाजूला बोलावून विचारले, "तुमच्याकडे परवाना आहे?"

त्यांनी भिंतीकडे हात केला. काचेच्या चौकटीत बाईंचा परवाना लावलेला होता. "हाय की."

"तो बाईंचा आहे. परवाना व्यक्तीचा असतो. व्यक्ती गेली की तो संपतो."

"मंग ह्या कुठं जातील?" त्यांनी नव्या तिघींकडे पाहिले. "परवाच आल्यात. आजून मालकाच्या नावातच हायेत."

नियमाप्रमाणे वर्ग त्याच दिवशी बंद करायला हवा होता. मी नोंद बंद करण्याचा कागद पिशवीतून काढला, पुन्हा आत ठेवला, आणि परवान्याचा कोरा अर्ज काढला. भरायला सांगितले. अर्ज स्वतः भरावा लागतो. मदत चालत नाही, हेही सांगितले.

कौसाबाई जमिनीवर बसल्या. पेन घट्ट धरले. मी सतरंजीवर बसलो. तास उलटला. वर्गातल्या बायका आपली पाटी सोडून त्यांच्या हाताकडे पाहत होत्या. नाव झाले. नवऱ्याचे नाव झाले. वय, गाव झाले. 'शिक्षण कोठे घेतले' या रकान्यापाशी त्या थांबल्या. तेथे संस्थेचे पूर्ण नाव अपेक्षित असते; रिकामा किंवा चुकीचा रकाना असलेला अर्ज परत जातो. मग कौसाबाईंनी एक शब्द लिहून अर्ज माझ्या हाती दिला.

त्या रकान्यात लिहिले होते: बाईंकडे.

मी अर्ज तपासला. पूर्ण भरला असल्याचा शेरा मारला आणि खाली सही केली.